नाकाचं कुणी विचारलं नाही

परवा रात्री वीज गेली आणि आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. माझ्या पुतणीचं बाळ, सोळा दिवसांचं. ती उशाशी काडेपेटी चाचपडत होती, तोवर रडणं थांबलंसुद्धा. काळोखात पोरानं आईला गाठलं होतं आणि चुटुचुटु पिण्याचा आवाज ओटीवर येत होता.

धाकटी माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, "आजोबा, त्याला तर उजेडातसुद्धा नीट दिसत नाही. मग आई कुठं आहे ते कळलं कसं?"

"वासानं," थोरला म्हणाला. तो सातवीत आहे.

उत्तर बरोबर होतं, पण एका शब्दात उरकावं असं ते नव्हे. मी म्हटलं, बसा दोघं. सशाची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत शेवटी तुमचे धाकटे आजोबाही येतील.

"सशाची म्हणजे कासवाची?"

"नाही गं. ही खरी आहे."

आपल्या रानात दिसतो तो ससा वेगळा, हे आधी लक्षात ठेवा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि ढेकळांच्या आड चिडीचूप बसून राहतात. मी सांगतोय तो युरोपातला, बिळात राहणारा. लोक हौसेनं पाळतात ते पांढरे ससे त्याच्याच वंशातले. ही सशीण व्यायच्या आधी बिळात गवत ओढून नेते, आपल्याच छातीपोटावरची लव उपटून त्यावर अंथरते. तिथं पिल्लं जन्मतात ती उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली, कान बंद. डोळे उघडायला दहा दिवस लागतात.

आणि आई पिल्लांजवळ राहतच नाही. दूध पाजलं की बाहेर पडते, बिळाचं तोंड मातीनं बुजवते आणि निघून जाते. परत येते ती दुसऱ्या दिवशी. चोवीस तासांत एकदा, तेही तीन-चार मिनिटांपुरती. आली की पिल्लांवर उभी राहते, एवढंच. कुणाला ओढून जवळ घेत नाही, आचळाशी लावत नाही. ज्याचं त्यानं शोधायचं. मग पिल्लू तिच्या पोटाच्या लवेत नाक खुपसून डोकं भराभर हलवत जातं, आणि भावंडांच्या रेटारेटीत, काळोखात, काही सेकंदांत आचळ तोंडात धरतं. तेवढ्या वेळात आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं दूध पिऊन घेतं. धाकटीचं वजन बावीस किलो. म्हणजे तिनं एका बैठकीत साडेपाच लिटर दूध प्यायचं!

ती खुदकन हसली. पण मला पुढचं सांगायचं होतं.

२००३ साली फ्रान्समधल्या दीजाँ शहरातल्या संशोधकांनी सशिणीच्या दुधातून एक वासाचा पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव लांबलचक आहे, टू-मिथाइलब्युट-टू-ईनाल. काचेच्या कांडीला तो लावून कांडी पिल्लाच्या नाकाशी नेली, तर पिल्लू त्या थंड काचेलाच आचळ समजून तोंड लावतं. जन्मल्यापासून एकदाही दूध न प्यायलेलं पिल्लूसुद्धा. कुणी शिकवलेलं नाही, पाहिलेलं नाही. वासाची ही किल्ली ते पोटातूनच घेऊन येतं.

आणि ज्या पिल्लाला वासच येत नाही त्याचं? आई अंगावर उभी असते, दूध बोटभर अंतरावर असतं आणि पिल्लू उपाशी राहतं. मिनिटं संपतात. आई निघून जाते.

माणसाचं पोर इतकं एकटं नसतं. आई असते, आजी असते, कुणीतरी उचलून छातीशी लावतंच. तरी ही वाट त्यालाही दिलेली आहे. १९९४ साली एक साधा प्रयोग छापून आला. बाळंतपणानंतर आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला आणि बाळाला मधोमध पालथं निजवलं. ३० पैकी २२ बाळं न धुतलेल्या स्तनाकडे गेली. कारण आईच्या अंगाच्या वासात गर्भजलाच्या वासाची ओळख असावी. आपल्या नाकपुड्या गर्भात आधी पेशींच्या बुचांनी बंद असतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती बुचं विरघळतात, आणि मग बाळ ते पाणी नाकातोंडातून आतबाहेर करत राहतं. आई जे खाते त्याचा वास त्या पाण्यात उतरतो.

"म्हणजे आत्यानं डोहाळजेवणात खाल्लं ते?"

"ते यानंही हुंगलंय. बासुंदीतलं जायफळसुद्धा."

फ्रान्समधल्याच अल्सास भागात अॅनिस नावाच्या दाण्याची बिस्किटं आणि गोळ्या आवडीनं खातात. आपल्या बडीशेपेची चुलत बहीणच ती. ज्या आयांनी शेवटच्या पंधरा दिवसांत त्या खाल्ल्या, त्यांची बाळं जन्मल्यावर अॅनिसच्या वासाकडे तोंड वळवत, जीभ बाहेर काढत. ज्यांनी खाल्ल्या नव्हत्या त्यांची बाळं एक तर ढिम्म राहत, नाहीतर तोंड फिरवत. सशिणीला जिरं खाऊ घालूनही असंच पाहिलं गेलंय. पिल्लं जिऱ्याच्या वासाकडे वळतात. आपली आजी बाळंतिणीला बाळंतशेपा चघळायला देते ना, त्याचा वास दुधात उतरतो. जन्माआधी सुरू झालेली ओळख पुढं चालू राहते, असं मला त्यात दिसतं.

२००७ साली महाराष्ट्रातल्या, स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या डॉक्टरांनी युनिसेफच्या मदतीनं एक फिल्म केली. तिच्यात नुकतं जन्मलेलं बाळ आईच्या पोटावर ठेवलेलं दिसतं. ते पायांनी रेटत, थांबत, हात चोखत, पुन्हा रेटत स्वतःच छातीपर्यंत पोचतं. तिथं एक बारीकशी सूचना आहे, ती मला फार मोलाची वाटते: बाळाचं अंग कोरडं करा, पण हात पुसू नका. हातांना गर्भजलाचा वास असतो. तो त्याच्याजवळचा कंदील आहे.

आता दुसरी गोष्ट. हा कंदील घडतो कुठं?

गर्भात हवा नाही. बाळ श्वास घेतं ते आईच्या रक्तातून, वारेच्या मार्फत. नाळेत तीन नळ्या असतात. दोन बाळाकडचं वापरलेलं रक्त वारेकडे नेतात, एक ताजं रक्त घेऊन परत येते. हे ताजं रक्त कितीसं ताजं असतं, हे शोधणाऱ्यांत पहिलं मोठं नाव जोसेफ बारक्रॉफ्ट यांचं. जन्म आयर्लंडमधला, १८७२ चा; सारी हयात केंब्रिजला गेली. ऑक्सिजन कमी पडला की शरीर काय करतं, या एका प्रश्नापायी हा माणूस १९२० साली सहा दिवस काचेच्या खोलीत विरळ हवा घेत बसून राहिला. १९२१-२२ च्या हिवाळ्यात पेरू देशात, सेरो दे पास्को या ४३०० मीटर उंचीवरच्या खाणींच्या गावी गेला. तिथं रेल्वेच्या मालडब्यात त्याच्या तुकडीनं प्रयोगशाळा थाटली होती. आणि साठीच्या आसपास, लोक निवृत्तीचा विचार करतात त्या वयात, तो मेंढीच्या गर्भाकडे वळला. डोंगरावर जे पाहिलं तेच त्याला पोटात सापडलं. 'गर्भातलं एव्हरेस्ट' ही उपमा त्याच्या कामातून रूढ झाली.

उपमा अलंकारिक वाटते, पण आकडे पाहा. तुमच्या-माझ्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. नाळेतून बाळाकडे येणाऱ्या ताज्या रक्तात तो तिसाच्या घरात. २००७ साली काही डॉक्टर एव्हरेस्ट चढले आणि उतरताना ८४०० मीटरवर त्यांनी स्वतःच्याच मांडीच्या धमनीतून रक्त काढून घेतलं. त्यात हा दाब सरासरी २५ भरला. जगातले खंदे गिर्यारोहक जिथं पाऊल उचलायला धापा टाकतात, तशा हवेत प्रत्येक बाळ नऊ महिने वाढतं. नुसतं तगत नाही. एका पेशीच्या अब्जावधी पेशी होतात, डोळे घडतात, बोटांवर ठसे उमटतात.

ते जमतं कसं? गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ऑक्सिजनवर त्याची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट असते, म्हणून वारेपाशी ते तिच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेऊ शकतं. शिवाय बाळाचं रक्त दाट असतं, काळीज भरभर चालतं. मिनिटाला ११० ते १६० ठोके.

थोरला इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "पण आजोबा, आधीच एवढं कमी. त्यातूनही कमी झालं तर?"

हाच प्रश्न मला हवा होता.

दुष्काळात घर काय करतं? पोरांच्या ताटात आधी वाढतं, मोठी माणसं पाणी पिऊन निजतात. गर्भ तेच करतो. हालचाल थांबवतो, काळीज मंद करतो, आणि असेल नसेल तो ऑक्सिजन मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी यांच्याकडे वळवतो. हातपाय, आतडी, कातडी थांबून राहतात. थोडा वेळ हे निभतं. तूट लांबली तर मेंदूच्याही ताटात काही उरत नाही.

शिकागोजवळच्या एव्हान्स्टनमधल्या संशोधकांनी २००४ साली हे सशिणीवर पाहिलं. सशीण जेमतेम महिनाभरच गाभण असते, ३१ दिवस. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास त्यांनी तिच्या गर्भाशयाकडे जाणारं रक्त सुमारे ४० मिनिटं रोखलं, मग पुन्हा सोडलं. दिवस पूर्ण भरू दिले. जी पिल्लं जगली त्यांतल्या कित्येकांचे पाय ताठर होते, माणसाच्या मुलांत सेरेब्रल पाल्सी म्हणतात तसे. तीव्र वासाचा कापसाचा बोळा नाकापुढं धरला की धडधाकट पिल्लू चटकन तोंड फिरवतं. या पिल्लांचं तसं नव्हतं. बोळा नाकाशी आणि पिल्लू जागच्या जागी.

"दुष्ट आहेत ते," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तिला मी गप्प केलं नाही. सशिणीचं दुःख खरंच आहे आणि ते वाटायलाच हवं. एवढंच सांगितलं, की ज्या डॉक्टरांनी हे केलं ते नवजात बाळांचे डॉक्टर होते. अशी बाळं त्यांच्या हाती रोज येत होती, आणि त्यांच्या मेंदूत नेमकं काय मोडतं ते कुणाला दिसत नव्हतं.

पाय ताठर का, याची कारणं शोधता येत होती. पण नाक का गेलं? २००६ साली त्याच गटानं सुंदर युक्ती केली. मँगनीज नावाचा धातू चेतापेशी कॅल्शियम समजून आत घेतात आणि आपल्या धाग्यातून पुढं सरकवतात. एमआरआयच्या चित्रात तो उजळ दिसतो. एक दिवसाच्या पिल्लांच्या नाकपुड्यांत त्याचे थेंब टाकले आणि नंतर चित्रं घेतली. निरोगी पिल्लांत उजेड नाकातून मेंदूकडे चालत गेलेला दिसला. ऑक्सिजनला मुकलेल्या पिल्लांत ती चाल मंदावली होती, उजेड फिका होता. वाट होती, पण वाटसरू थोडे.

ही वाट कशी असते ते सांगतो, कारण शरीरातलं एवढं नाजूक बांधकाम मला दुसरं ठाऊक नाही. नाकाच्या छताशी टपाल तिकिटाएवढा पट्टा असतो. तिथं चेतापेशी थेट हवेला तोंड देऊन बसलेल्या असतात. डोळ्यांतल्या चेतापेशी पडद्याआड, कानातल्या हाडांच्या पेटीत. या मात्र उंबऱ्यावर. माणसात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात, आणि एका पेशीवर एकच प्रकार. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ साली या ग्राहकांची जनुकं शोधली, त्याचं नोबेल त्यांना २००४ मध्ये मिळालं. प्रत्येक पेशीचा धागा वरच्या चाळणीसारख्या हाडाच्या भोकातून मेंदूत जातो आणि घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागात पोचतो. तिथं एका प्रकारच्या पेशींचे धागे नेमक्या ठरावीक गाठींवरच येऊन मिळतात. लाखो धागे, आणि बहुतेकांना आपला पत्ता बरोबर सापडतो. हे जोडकाम पोटात चालू असतं, त्या एव्हरेस्टवर.

आणि घ्राणकंदात नव्या पेशी येतात कुठून? मेंदूच्या आत, पाण्याच्या पोकळ्यांच्या काठाशी त्यांचं जन्मस्थान. तिथून त्या घ्राणकंदाकडे निघतात. एकेकट्या नव्हे, एकीच्या अंगावरून दुसरी सरकत, साखळी करून. पंढरीला दिंड्या निघतात ना, तशा. उंदरात ही वारी आयुष्यभर चालते. माणसात ती जन्मानंतर साधारण दीड वर्षापर्यंत दिसते, मग ओसरते. ऑक्सिजनची तूट पडली तर फटका या जन्मस्थानाच्या परिसरालाही बसतो, दिंडी निघते तिथं.

गंमत अशी की रक्त परत सुरू झालं म्हणून इजा थांबत नाही. तुटीनंतर मेंदूत नायट्रिक ऑक्साइड हा वायू बेसुमार तयार होतो. एरवी तो पेशींचा निरोप्या, पण अति झाला की विष. २००९ साली दिसलं, की तो तयार करणारं चेतापेशींमधलं विकर अडवणारं औषध सशिणीला आधी दिलं, तर पिल्लांचं पांगळेपण टळू शकतं. आणि याच वायूचा हात वासाच्या इजेतही आहे, असं त्या गटानं पुढं दाखवलं. ससा तो ससा आणि माणूस तो माणूस; तरी दार कुठं आहे ते यातून कळतं.

"आत्याच्या बाळाला कमी पडला होता का?" धाकटीनं हळूच विचारलं.

नाही. त्याचं सगळं छान झालं. पण तूट पडते ती काही प्रयोगशाळेतच नाही. नाळ दाबली जाते, वार वेळेआधी सुटते, आईचा रक्तदाब चढतो. ही कारणं डॉक्टरांच्या हातची. घरातली कारणं वेगळी. आईच्या रक्तातच हिमोग्लोबिन कमी असलं तर वारेपाशी द्यायचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवती बायका रक्तक्षयी निघाल्या. निम्म्याहून जास्त. चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आणि आपल्याकडची मिश्री. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड गावोगावी बायका दाताला लावतात, दिवस गेलेले असतानाही. तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. माझी आई लावायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमचे धाकटे आजोबा घरातच जन्मले, याच माजघरात. मी तीन वर्षांचा होतो, मला आठवत नाही. पण आई सांगायची, पोर निळं जन्मलं, रडलं नाही. सुईणीनं पाठ चोळचोळून त्याला श्वास घ्यायला लावला. पुढं त्याचा डावा पाय ओढायचा. आईनं वर्षानुवर्षं त्या पायाला तेल चोळलं. शाळेत मास्तर पायाचं विचारायचे, पाहुणे पायाचं विचारायचे, तालुक्याचे डॉक्टर पाय वाकवून पाहायचे.

तो नऊ वर्षांचा असताना चुलीवर दूध करपलं. धूर दारापर्यंत आला आणि हा शेजारी पाटीवर चित्र काढत बसलेला. आईनं त्याला वेंधळा म्हणून मारलं. तो रडत मला म्हणाला, "मला कळलंच नाही रे दादा." मग मी त्याचे डोळे बांधले. एका मुठीत हिंग, एका मुठीत राख. त्याला दोन्ही सारखेच. कांदा चिरला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, मिरची झोंबायची, कारण झोंबणं कळतं ते दुसऱ्या शिरेतून. म्हणून तर नऊ वर्षं आम्हाला कुणाला संशय आला नाही. आणि त्याला तरी काय ठाऊक? जे कधी आलंच नाही ते गेलं असं माणूस कसं म्हणणार?

त्याचं नाक जन्माच्या वेळी गुदमरल्यानंच गेलं, असं मी शपथेवर सांगणार नाही. काही माणसं घ्राणकंदाशिवायच जन्माला येतात. पण सशांच्या त्या पिल्लांविषयी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ताठर पाय आणि मुका झालेला नाकाचा रस्ता, दोन्ही एकाच पिल्लात. आमच्या घरात साठ वर्षं पायाची विचारपूस झाली. नाकाचं कुणी विचारलं नाही.

धाकटी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पण धाकट्या आजोबांनी तर परसात सोनचाफा लावला होता."

होय. स्वतःच्या हातानं लावला होता, आणि पाणीही तोच घालायचा. रोज सकाळी पहिलं फूल आणून माझ्या तळहातावर ठेवायचा आणि विचारायचा, "दादा, आज कसा आहे?"

"मग तुम्ही काय सांगायचात?"

त्याला कळेल असं सांगायचो. कधी म्हणायचो, आज जड आहे, ओल्या घोंगडीसारखा. कधी म्हणायचो, आज कोमट आहे, सायीच्या दुधासारखा घशाखाली उतरणारा. फूल आदल्या दिवशीचं असलं तर म्हणायचो, देवळातली घंटा वाजून गेल्यावर कानात राहतं ना, आज तेवढाच आहे. तो नीट ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि देवाला वाहायच्या आधी ते फूल एकदा स्वतःच्या नाकाशी धरायचा.